बंडीची धाव आणि राजदूतचे इंजिन

तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवरील सिहोरा हे धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव; आणि या गावच्या यंत्रविद्येचा इतिहास कोणी लिहावयास घेतलाच, तर त्याचा प्रारंभ मोटारसायकलीपासून न करता बंडीच्या चाकापासून करावा लागेल, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडविलेली लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात तापून फुगते, लाकडी चाकावर अलगद उतरते आणि वरून पाण्याच्या घागरी ओतताच आवळून चाकाचे सारे सांधे जखडून टाकते, हे दृश्य मी बालपणी लोहाराच्या अंगणात अनेकदा पाहिले होते. परंतु त्या दृश्याचा खरा अर्थ मला उमगला तो पुढे पुष्कळ वर्षांनी, वडिलांच्या राजदूतचे इंजिन अत्यल्प खर्चात पुन्हा उभे करण्याचा संकल्प केला तेव्हा.

राजदूतची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. पोलंडमधील किएल्त्से या शहरी तयार होणाऱ्या ‘एसएचएल एम 11’ या गाडीचा नमुना घेऊन फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने 1962 च्या सुमारास तिचे उत्पादन आरंभिले. 61 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, 59.5 मिलिमीटरची पिस्टनची धाव आणि या दोहोंवरून निघणारे सुमारे 174 घनसेंटिमीटरचे आकारमान, तीन गिअर आणि दोन स्ट्रोकचे साधे इंजिन, एवढाच तिचा ऐवज. म्हैसूरला रुस्तम व फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होणारी 250 सीसीची जावा अधिक डौलदार होती, मद्रासची बुलेट अधिक भारदस्त होती. तथापि दुधाचे कॅन, धानाचे पोते आणि मागे दोन माणसे असा संसार लादून चिखलाच्या पांदणीतून निघण्याचे काम खेड्यापाड्यांनी राजदूतवर सोपविले. 1973 साली ‘बॉबी’ या चित्रपटाने तिच्या एका धाकट्या भावंडाला पडद्यावरची कीर्तीही मिळवून दिली, पण सिहोऱ्यात तिची ओळख कीर्तीची नव्हती, कामाची होती.

आमची गाडी गोठ्याच्या पडवीत वर्षानुवर्षे उभी होती. किक मारावी तो पाय जागच्या जागी थांबे. म्हणजेच इंजिन जाम होते. अशा वेळी अधीर माणसाचा हात प्रथम हातोड्याकडे जातो, आणि माझ्या मते जुन्या इंजिनांचा निम्मा मृत्यू गंजाने नव्हे, या अधीरतेने घडतो. प्लग काढून त्या छिद्रातून डिझेल ओतावे, ते चार-आठ दिवस मुरू द्यावे, मग मागचे चाक गिअरमध्ये ठेवून हलकेच पुढे-मागे डोलवावे, एवढ्यानेच अनेकदा पिस्टन सुटतो. आणि या उपायास वाट पाहण्यावाचून फारसा खर्च येत नाही.

दोन स्ट्रोकच्या इंजिनाची रचना समजून घेतल्याशिवाय त्याच्या खर्चाचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून येथे थोडा विस्तार क्षम्य मानावा. पेट्रोल, हवा व तेल यांचे मिश्रण प्रथम पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये शोषले जाते; पिस्टन उतरताना ते तेथे दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढते. याचा अर्थ असा की क्रँककेस ही केवळ पेटी नसून तो एक पंप आहे आणि क्रँकच्या दोन टोकांवरील रबरी ऑइलसील हे त्या पंपाचे दरवाजे आहेत. मॅग्नेटोच्या बाजूचे सील फाटले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते, इंजिन सोडलेल्या रेसवरही आपोआप पळू लागते आणि तापून अखेर पिस्टन चिकटतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्समधील तेलच जळू लागते, धुराचा लोट निघतो आणि तेलाची पातळी विनाकारण उतरत राहते. इतका अनर्थ करणारे हे सील साऱ्या इंजिनातील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक असते. म्हणून काटकसरीच्या माझ्या यादीत, इंजिन एकदा उघडले की जुने सील पुन्हा बसवावयाचे नाही, हा पहिला हुकूम आहे.

दुसरा हुकूम मी नुकसान सोसून शिकलो. सिलिंडर बिडाचा असल्यामुळे झिजल्यावर तो खरादावर मोठा करून घेता येतो, आणि त्यासाठी पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत्या मापांत मिळतात. 61 चा सिलिंडर 62 पर्यंत गेला तर आकारमान जेमतेम सहा घनसेंटिमीटरने वाढते, त्यामुळे इंजिनाच्या स्वभावात फरक पडत नाही. परंतु मी उत्साहाच्या भरात पिस्टन विकत घेण्यापूर्वीच सिलिंडर एका शहरातील कारखान्यात पाठविला. त्यांनी अंदाजाने बोअर केला आणि नंतर आणलेला पिस्टन त्यात खुळखुळू लागला. तो पैसा बुडाला आणि बोअरची एक पायरीही व्यर्थ गेली. पिस्टन आधी हाती घ्यावा, मायक्रोमीटरने मोजावा आणि मगच त्या पिस्टनासाठी सिलिंडर कापावा, हा क्रम उलटता येत नाही. रिंग बसवितानाही दोन स्ट्रोकचा एक विशेष ध्यानात ठेवावा लागतो: खोबणीत एक बारीक खुंटी असते आणि रिंगचे तोंड तिच्यापाशीच यावयास हवे, अन्यथा ते तोंड फिरत फिरत सिलिंडरच्या खिडकीत अडकून तुटते.

बेअरिंगांच्या बाबतीत मात्र गरिबाला एक मोठा आधार आहे, तो म्हणजे त्यांच्या कडेवर कोरलेला आकडा. हे आकडे कोण्या एका कंपनीचे नसून साऱ्या जगाचे आहेत. 6204 असे लिहिले असेल, तर शेवटच्या 04 ला पाचाने गुणावे, म्हणजे आतील छिद्राचा व्यास 20 मिलिमीटर निघतो; बाहेरचा व्यास 47 आणि रुंदी 14. हेच बेअरिंग पंपांच्या विजेच्या मोटारींतही चालते. म्हणून ‘राजदूतचे बेअरिंग’ म्हणून दुर्मिळतेचा दर देण्याऐवजी पंपांचे सामान विकणाऱ्या दुकानात आकडा सांगावा. मात्र क्रँकसाठी मागताना जुन्या बेअरिंगवर ‘सी 3’ ही खूण असल्यास नव्यावरही ती पाहून घ्यावी, कारण तापल्यावर फुगण्यास लागणारी जास्तीची मोकळीक तिच्यात गृहीत धरलेली असते. कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक झिजले असेल तर तेथे काटकसर करू नये. दाबून जोडलेला क्रँक प्रेसवर सोडवून, नवी पिन घालून, पुन्हा सरळ रेषेत आणणे हे डायल गेज असलेल्या कुशल कारागिराचेच काम आहे, आणि त्याची मजुरी आनंदाने द्यावी.

आता बंडीच्या धावेकडे परत येतो. क्रँककेस ॲल्युमिनियमचा, बेअरिंग पोलादाचे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ठोकून बसविलेल्या बेअरिंगने घर ओरबाडले जाते, हे ठाऊक असल्याने मी चुलीवर मोठा गंज चढविला, केसचा रिकामा अर्धा भाग उकळत्या पाण्यात पुरता तापू दिला आणि बेअरिंग तोवर सावलीत थंड ठेवले. सुमारे 70 अंशांच्या फरकाने 47 मिलिमीटरचे छिद्र 0.07 मिलिमीटरच्या आसपास मोठे होते. केस बाहेर काढून झटपट पुसला आणि बेअरिंग त्यावर ठेवले, तो एक मऊ टक् असा आवाज होऊन ते तळाशी गेले. लोहाराच्या अंगणातील पाण्याचा तो चर्र आवाज मला त्या क्षणी स्पष्ट आठवला. तेथे बाहेरचे तापवून आतल्याला कवटाळावयास लावीत. येथेही नेमके तेच.

गॅस्केट मी कागदी शीट आणून हातानेच कापले. सायलेन्सरमधील व एक्झॉस्टच्या खिडकीतील काजळी खरवडून काढली. ही काजळी साचली की धूर बाहेर पडत नाही आणि माणूस विनाकारण कार्बोरेटरला दोष देतो. सीबी पॉइंटचे अंतर 0.4 मिलिमीटर ठेवले. दर लिटर पेट्रोलात 40 मिलिलिटर तेल असे प्रमाण धरले. पण 2023 पासून येऊ लागलेल्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाने जुने रबर फुगते व असे पेट्रोल ओलावाही धरते, म्हणून पेट्रोलची नळी नवी घातली आणि गाडी उभी ठेवावयाची असल्यास टाकी रिकामी करण्याचा परिपाठ लावून घेतला.

दस्तऐवजांचा प्रश्न इंजिनाइतकाच नाजूक आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ या अक्षरांच्या स्वतंत्र मालिकेत नोंदविता येते, परंतु मग ती रोजच्या वापरासाठी अथवा धंद्यासाठी चालविता येत नाही. दोन्ही मार्गांत केसवर कोरलेला इंजिन क्रमांक दाखल्याशी जुळणे आवश्यक असल्याने, स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्या गाडीचा केस बसविणे हे मला पुष्कळदा सुचविले गेले तरी मी कटाक्षाने टाळले.

रोवणी आटोपल्यावर एका सकाळी इंजिन चौथ्या किकेला सुरू झाले. पहिले 500 किलोमीटर वेग आवरून धरावयाचा होता, म्हणून चांदपूरच्या तलावापर्यंत जाणे, तेथे इंजिन पूर्ण थंड होऊ देणे आणि परत येणे, असा नेम ठेवला. तलावाच्या पाळीवर दर वेळी प्लग काढून पाहत असे. पहिल्या दोन फेऱ्यांत तो काळा व ओलसर निघाला, तेव्हा कार्बोरेटरची सुई एक खाच खाली उतरविली. पाचव्या फेरीत त्याचे टोक भाजलेल्या विटेसारखे तपकिरी दिसले, तेव्हा हेडचे नट पुन्हा एकदा आवळून मी गाडी घराकडे वळविली.