जुन्या अकूस्टिक गिटारला पिकअप

जुन्या अकूस्टिक गिटारला पिकअप बसवण्याच्या कामात विजेचा भाग थोडा आणि लाकडाचा जास्त असतो. नव्या गिटारसाठी पिकअप निवडताना आवाज कसा येतो एवढे पाहिले तरी चालते. गिटार १९४० किंवा १९५०च्या दशकातली असेल, तर त्याआधी दुसरा प्रश्न उभा राहतो: यासाठी लाकूड कुठे आणि किती कापावे लागेल, आणि उद्या पिकअप काढला तर गिटार पूर्ववत होईल का? निवडीचा बराचसा निकाल इथेच लागतो.

‘व्हिंटेज’ म्हणून ज्या गिटारींना मान आणि किंमत आहे, त्यांत पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथच्या मार्टिन कंपनीच्या डी-१८ व डी-२८ आणि गिब्सनची १९४२ साली आलेली जे-४५ ही नावे पुढे असतात. यांची वरची फळी, सतारवाले जिला तबली म्हणतात ती, स्प्रूसची आणि जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. आतून तिला फुलीच्या आकारात पट्ट्यांचा आधार दिलेला असतो. तारांचा कंप ब्रिजमधून या फळीत उतरतो, फळी हवा हलवते आणि खोली भरून आवाज होतो. लहान सभागृहाला एवढे पुरते. शेजारी ड्रम आणि बेस आले की पुरत नाही. पुढ्यात माइक ठेवला तर आवाज सर्वांत खरा मिळतो, पण वादकाला वीतभर सरकायचीही सोय राहत नाही, आणि मॉनिटर चढवला की त्याच माइकमधून शिटी सुरू होते. पिकअपची गरज इथून निर्माण झाली.

सर्वांत जुनी जात चुंबकीय पिकअपची. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि वर पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत विद्युतप्रवाह उमटतो. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या रो इंडस्ट्रीजने बनवलेले, हॅरी डीआर्मंड यांच्या रचनेचे असे पिकअप १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून विकले जात. अकूस्टिक गिटारवर मात्र या जातीची एक अडचण होते. जाड तारांवर कांशाचे वेष्टण असते आणि चुंबकाला कांशाचा पत्ताच लागत नाही. त्याला कळतो तो आतला पोलादी गाभा. वरच्या दोन बारीक तारा मात्र नुसत्या पोलादाच्या असतात. म्हणून दुसरी तार इतरांच्या डोक्यावरून ओरडते. चांगल्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखालचा पोल स्क्रूने वर-खाली करता येतो, तो हा भेद मिटवण्यासाठी.

गिब्सनने १९५४ साली जे-१६०ई काढली, तेव्हा पी-९० हा इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप फ्रेटबोर्डच्या टोकाशी फळीखाली बसवला. शिटी आवरावी म्हणून लवकरच फळीही प्लायची केली. साहजिकच, विजेशिवाय ती गिटार दबकीच वाजे. जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६२ साली लिव्हरपूलमध्ये याच मॉडेलच्या दोन गिटारी घेतल्या, आणि १९६४च्या ‘आय फील फाइन’ या गाण्याच्या सुरुवातीला जी घरघर ऐकू येते, ती लेननच्या अशाच गिटारने दिलेली फीडबॅक आहे. इतर लोक जी व्याधी टाळायला धडपडतात, ती तिथे मुद्दाम ठेवून दिली.

मार्टिनने १९५०च्या दशकाच्या अखेरीस डी-१८ई काढली. फळीत भोके पाडून दोन डीआर्मंड पिकअप, बटणे आणि स्विच बसवलेले हे मॉडेल फारसे खपले नाही. कर्ट कोबेनने नोव्हेंबर १९९३ मध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात वाजवलेली गिटार यातलीच, १९५९ सालची. कारखान्यातून दोन पिकअप घेऊन आलेल्या त्या गिटारच्या साउंडहोलमध्ये बार्तोलिनी कंपनीचा तिसरा पिकअप अडकवलेला होता, यावरून कारखान्याच्या कामाची किंमत कळते. २०२० साली लिलावात ती ६० लाख डॉलरहून अधिक रकमेला गेली. ही बोली अर्थात कोबेनच्या नावाची होती. सामान्य जुन्या मार्टिनच्या फळीत अशी भोके असती, तर गिऱ्हाइकाने भाव पाडूनच मागितला असता.

साउंडहोलमध्ये अडकवायचा पिकअप जुन्या गिटारला सर्वांत कमी त्रास देतो. बुचाचे किंवा फेल्टचे अस्तर लावलेले दोन जबडे भोकाच्या कडेला धरतात, दोन स्क्रू हाताने आवळले की काम झाले. पिकअपची तार साउंडहोलमधूनच बाहेर काढली तर गिटारला एक ओरखडाही पडत नाही. आवाज मात्र तारांचा येतो, खोक्याचा येत नाही. ऐकणाऱ्याला तो इलेक्ट्रिक गिटारकडे झुकलेला वाटतो. लॉइड बॅग्ज यांच्या एम-१ सारख्या पिकअपमध्ये एक कॉइल सैल टांगून खोक्याची थरथरही पकडण्याची युक्ती केलेली आहे, आणि ती बऱ्यापैकी साधते.

दुसरी जात पिएझोची. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत वीज उत्पन्न होते, हे पिअर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले. गिटारमध्ये हे तत्त्व रुळवण्याचे श्रेय बरेचसे ओव्हेशन कंपनीचे. हेलिकॉप्टर बनवणारे चार्ल्स कामन यांनी १९६६ साली ती काढली. त्यानंतर सॅडलखाली, म्हणजे ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली, पिएझोची पट्टी ठेवण्याची पद्धत इतकी पसरली की कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारींत तीच असते. विली नेल्सन यांची ‘ट्रिगर’ मात्र कारखान्यातून तशी आलेली नव्हती. १९६९ साली त्यांची बाल्डविन गिटार फुटली, तेव्हा नॅशव्हिलच्या शॉट जॅक्सन यांनी तिच्यातला पिएझो पिकअप काढून मार्टिनच्या एन-२० या नायलॉन तारांच्या गिटारमध्ये बसवला. फळीला पिकने घासून मोठे भोक पडले, तरी नेल्सन अजून तीच वाजवतात.

जुन्या गिटारवर सॅडलखालची पट्टी घालायची तर ब्रिजमध्ये आणि फळीत पिकअपच्या तारेसाठी भोक पाडावे लागते, खाच तळाशी काटेकोर सपाट करावी लागते आणि पट्टीच्या जाडीइतके सॅडल खालून घासावे लागते. खाच कुठे उंच, कुठे सखल राहिली तर एखादी तार मुकी होते. त्यात १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या मार्टिनमध्ये सॅडल ब्रिजच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते आणि सरसाने चिकटवलेले असते. ते सुटताना ब्रिजचा टवका निघण्याची भीती असते. त्या काळातल्या अनेक गिब्सनमध्ये सॅडल दोन स्क्रूंवर उभे असते, म्हणजे पट्टी ठेवायला तळच नाही. एवढे सारे करून जोरात स्ट्रम केले की पिएझोचा तो ठसठशीत कोरडा टणत्कार ऐकू येतोच. वादकांत त्याला ‘क्वॅक’ म्हणतात. मौल्यवान जुन्या गिटारसाठी हा मार्ग शेवटचा मानावा.

तिसरा मार्ग आतून चकत्या चिकटवण्याचा. सतारीच्या तबलीवर लावायचे कॉन्टॅक्ट पिकअप याच कुळातले. के अँड के कंपनीच्या प्रसिद्ध संचात नाण्यासारख्या तीन पातळ पिएझो चकत्या असतात आणि त्या ब्रिजच्या बरोबर खाली, ब्रिजप्लेटवर बसतात. ब्रिजप्लेट म्हणजे फळीला आतून लावलेली कठीण लाकडाची पट्टी. तारांच्या टोकाचे मणी तिच्यावरच टेकतात. जुन्या गिटारमध्ये या मण्यांनी प्लेट कुरतडलेली असते, क्वचित जुन्या दुरुस्तीचा सरस तिथे थिजलेला असतो. म्हणून आधी तारा सैल करून छोटा आरसा आणि दिवा आत घालून पाहणी करतात. सुटलेली आधारपट्टी, ब्रिजच्या मागे फुगलेली फळी, झिजलेली प्लेट यांची दुरुस्ती पिकअपच्या आधी व्हायला हवी. सुटलेल्या आधारपट्टीची खरखर पिकअप इमानाने मोठी करून ऐकवतो.

मग प्लेट कोरड्या फडक्याने पुसून चकत्यांच्या जागा ठरवतात: सॅडलच्या रेषेखाली, तारांच्या जोड्यांमधोमध. कारागीर साउंडहोलमधून हात आत घालतो आणि जेल स्वरूपातल्या सुपर ग्लूने एकेक चकती बोटाने दाबून धरतो. दिसत काहीच नाही, सगळे काम बोटांच्या अंदाजावर. दुहेरी चिकटपट्टी वापरली तर चकत्या सहज निघतात, पण वरचे सूर थोडे मंदावतात. गिटार दुर्मीळ असेल तर तो तोटा पत्करणे शहाणपणाचे. चकत्यांचा आवाज लाकडाचा, भरीव आणि मोकळा येतो. त्याच मोकळेपणामुळे स्टेजवर त्या शिटीलाही लवकर वश होतात.

खरी कापाकापी राहते ती मागच्या टोकाला, पट्टा अडकवायच्या एंडपिनपाशी. जुन्या पिनचे निमुळते भोक साधारण आठ मिलिमीटरचे, तर तिथे बसवायच्या पिकअपच्या जॅकला सुमारे साडेबारा लागते. इथे ड्रिलचे पाते सरळ घातले तर ते शिरा धरून लाकूड ओढते आणि बाजूच्या पातळ फळीला चीर जाते. जाणते कारागीर रीमर हाताने फिरवत भोक थोडे-थोडे रुंद करतात. जुन्या वाद्यावर हा एकच कायमचा बदल बहुतेक खरेदीदार खपवून घेतात. तोही नको असेल त्याने पिकअपची तार साउंडहोलमधून काढावी.

चकत्यांचा क्षीण सिग्नल साध्या मिक्सरमध्ये घातला तर आवाज पिचका येतो, कारण पिएझोला निदान दहा लाख ओहमचा इनपुट लागतो. त्यासाठी प्रीअँप हवा, आणि तो गिटारच्या बाहेर, पायाशी ठेवलेला बरा. आत नऊ व्होल्टची बॅटरी टांगणे म्हणजे जुन्या लाकडावर विनाकारण वजन, शिवाय ती गळली तर डाग.

शिटीचे कारण खोक्यातच आहे. ड्रेडनॉट या मोठ्या आकाराच्या गिटारच्या पोकळीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणजे सहाव्या तारेवरच्या जी सुराजवळ. स्पीकरमधून तोच सूर परत फळीवर आदळला की चक्र सुरू होते. नॉच फिल्टरने तेवढाच पट्टा दाबतात, फेजचे बटण उलटे करून पाहतात, आणि तरी भागले नाही तर साउंडहोलला रबरी झाकण लावतात. मोठ्या बँडसोबत वाजवणारे बरेच जण चुंबकीय पिकअप आणि चकत्या दोन्ही जोडतात: खालचे सूर पहिल्यातून, वरचा लाकडी खुलेपणा दुसऱ्यांतून. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात फळी ओल पिऊन फुगते आणि तारांची उंची वाढते, तेव्हा चुंबकीय पिकअपचे पोल पुन्हा जुळवावे लागतात.

काढलेला मूळ एंडपिन, आणि सॅडल बदलले असल्यास जुने सॅडलही, केसच्या खणात जपून ठेवतात. कामाआधीचे आतले फोटोही ठेवावेत, कारण पुढे गिटार विकायला निघाली की घेणारा आरसा घालून पहिली नजर ब्रिजप्लेटवरच टाकतो.