भिंतीच्या बांधकामासाठी कोरडा तयार माल

गोठा, धान्याची कोठी, पंपघर अशी लहान बांधकामे शेतकऱ्यास वेळोवेळी करावी लागतात. विटा चांगल्या असूनही पुष्कळदा भिंत कच्ची राहते, ती सांध्यातील मालामुळे. मातीमिश्रित वाळू, अंदाजाने घातलेले सिमेंट आणि जास्त पाणी ही त्याची मुख्य कारणे होत. खाडीची खारी वाळू वापरल्यास भिंतीस लोणा लागतो.

कोरड्या तयार मालात सिमेंट, चाळलेली कोरडी वाळू व पाणी धरून ठेवणारी द्रव्ये कारखान्यातच मोजून मिसळलेली असतात. कामावर केवळ पाणी घालावयाचे असते. सवयीने त्यात आणखी सिमेंट अगर वाळू घालू नये; तसे केल्यास प्रमाण बिघडते.

हा माल मुख्यतः दोन प्रकारचा मिळतो. विटांचा माल सुमारे १० मिलिमीटर जाडीच्या सांध्यासाठी असतो. हलक्या एएसी ब्लॉकचा माल २ ते ४ मिलिमीटरच्या पातळ थरात लावतात. एकाच्या जागी दुसरा वापरू नये. विटा अगोदर भिजवाव्या. ब्लॉक मात्र भिजत न घालता धूळ झाडून वरून किंचित ओलसर करावेत.

पाणी पिशवीवर छापलेल्या मापानेच घ्यावे. लागेल तेवढाच माल कालवावा. साधा सिमेंटचा माल पाणी घातल्यापासून २ तासांत संपवावा लागतो. तयार मालाची मुदत पिशवीवर पाहावी. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल करणे ही मोठी चूक होय. सिमेंटची एकदा मोडलेली पकड पाण्याने पुन्हा जुळत नाही.

पिशव्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, ओल लागणार नाही अशा ठेवाव्यात. गाठी झालेला माल टाकून द्यावा.

तयार माल महाग पडतो, हे ध्यानात घ्यावे. स्वच्छ वाळू जवळ मिळत असून काम मोठे असेल, तर १ भाग सिमेंट व ६ भाग वाळू पेटीने मोजून कालविलेला माल पुरेसा होतो. काम लहान असेल वा चांगली वाळू दुर्मिळ असेल, तेथे तयार माल हिताचा ठरतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम गवंड्याकडून एक घमेले माल मापाच्या पाण्यात कालवून घेऊन शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावा.