व्याकरण साठवा, पण ओळख पटवून

फेब्रुवारी २००८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने जाहीर तक्रार केली. वर्षानुवर्षे न बदललेल्या डीटीडी, म्हणजे दस्तऐवजाच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या, फायलींसाठी त्यांच्या सर्व्हरवर दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येत होत्या. मागणारी माणसे नव्हती. एक्सएमएल वाचणारे प्रोग्राम, म्हणजे पार्सर, तीच नियमावली पुन्हापुन्हा उतरवून घेत होते. फाइल आपल्याच डिस्कवर ठेवली की हा प्रश्न मिटतो, असे कोणी म्हणेल. त्याने नेटवर्कचा भार उतरतो, पार्सरचा नाही. कोणत्या घटकात कोणते उपघटक, कोणत्या क्रमाने, किती वेळा यावेत, या नियमांतून पार्सरला अवस्थांचे एक यंत्रच मनात बांधावे लागते. ‘जास्तीत जास्त पाच हजार वेळा’ असा साधा दिसणारा नियमही त्या अवस्था बेसुमार फुगवू शकतो. दस्तऐवज वीस ओळींचा आणि स्कीमा, म्हणजे डीटीडीसारखीच दुसरी नियमावली, हजारो ओळींचा असेल, तर नाकापेक्षा मोती जड. म्हणून साठवायचे ते बांधून तयार झालेले यंत्र, म्हणजेच व्याकरण, नुसती फाइल नव्हे.

खरी अडचण साठवण्यात नाही, ओळख पटवण्यात आहे. समोरच्या दस्तऐवजाला हवे असलेले व्याकरण आणि साठ्यातले व्याकरण एकच, हे ठरवायचे कशावरून? अपाचीच्या झर्सिस पार्सरमध्ये स्कीमाचे व्याकरण नेमस्पेसवरून शोधले जाते. पण एकाच नेमस्पेसखाली दोन वेगळे स्कीमा असू शकतात, जुनी आणि नवी आवृत्ती तर हमखास. मग आधी आलेले व्याकरण नंतरच्या दस्तऐवजालाही लागू होते आणि चुकीचा दस्तऐवज बिनबोभाट वैध ठरतो. डीटीडीची गत आणखी नाजूक: दस्तऐवज आपल्या पोटातच जादा नियम लिहू शकतो, आणि ते बाहेरच्या काही नियमांना मागे सारतात.

त्यामुळे लायब्ररीने परस्पर सगळे साठवत जाऊ नये, असे मला वाटते. व्याकरणे आधी भरावीत, मग साठ्याला कुलूप घालावे. झर्सिसमध्ये ती सोय आहे. यात प्रोग्रामरचे काम वाढते, हा आक्षेप रास्त आहे. ज्याला दस्तऐवज कुठून येतात हेच ठाऊक नाही, त्याची तर पंचाईतच. पण अशा ठिकाणी आपोआप भरणारा साठा अधिकच धोक्याचा: अनोळखी पाहुण्याने आणलेले व्याकरण पुढच्यांच्या माथी बसते. कुलपाचा आणखी एक लाभ असा, की न बदलणारा साठा अनेक थ्रेड एकाच वेळी निर्धास्त वाचू शकतात. २००४ च्या जावा ५ मध्ये हीच विभागणी दिसते: ‘स्कीमा’ सर्वांनी वाटून घ्यायचा, ‘व्हॅलिडेटर’ मात्र ज्याचा त्याने वापरायचा.