‘द्रष्टा’ आणि ‘बहुश्रुत’ : एका अंध भविष्यवेत्तीची पुनर्मांडणी

मार्व्हल प्रकाशनाच्या ‘एक्स-मेन’ या चित्रकथामालिकेचा १४१वा अंक जानेवारी १९८१ या तारखेचा. त्यात ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न या जोडीने एक वयस्क स्त्री प्रथम उभी केली. नाव आयरीन अ‍ॅडलर, टोपणनाव डेस्टिनी, म्हणजे नियती. ती अंध आहे. डोळ्यांसाठी भोकंही नसलेला सोनेरी मुखवटा ती घालते आणि तिला भविष्य कळतं. मात्र ते एकच एक, ठाम भविष्य नसतं. तिला अनेक शक्यता जाणवतात. जवळच्या स्पष्ट, लांबच्या धूसर. २००१मध्ये सुरू झालेल्या ‘एक्स-ट्रीम एक्स-मेन’मध्ये तिने लिहून ठेवलेल्या भविष्याच्या तेरा वह्या कथानकाच्या केंद्रस्थानी आल्या.

हे पात्र मी माझ्यापुरत्या कथाविश्वात, वर्धा जिल्ह्यात, आणून वसवते आहे. चित्रकथांच्या चाहत्यांमध्ये अशा खासगी विश्वाला ‘फॅन युनिव्हर्स’ म्हणतात. मराठी वाचकाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. खांडेकरांनी ‘ययाति’त (१९५९) आणि शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) दुसऱ्याच्या विश्वातली पात्रं घेऊन त्यांना आपले प्रश्न विचारले. व्यासांची पात्रं सर्वांची आहेत, डेस्टिनी एका कंपनीची. म्हणून माझ्या वह्या छापण्यासाठी नाहीत, एवढाच फरक. पण तिला इथे आणताना जो प्रश्न आडवा आला तो चित्रकथेपुरता नाही. भविष्य सांगणारी व्यक्ती आंधळीच का असते?

हा साचा जुना आहे. ग्रीक पुराणातला टायरेसियस एका कथेनुसार हेराच्या कोपाने आंधळा होतो आणि झ्यूस भरपाई म्हणून त्याला भविष्यज्ञान देतो. स्पायडरमॅनच्या कथांत १९८०मध्ये आलेली मॅडम वेब अंध, पंगू आणि त्रिकालज्ञ. डेस्टिनी तर पुढचा क्षण आधीच कळत असल्यामुळे न अडखळता वावरते. म्हणजे तिला काठी नको, हात नको, पायरी मोजायला नको. आंधळेपण तिच्या मुखवट्यावर आहे, जगण्यात नाही. लेखकाने एका हाताने डोळे काढून घेतले आणि दुसऱ्या हाताने त्याहून मोठे डोळे परत दिले. मग अंध माणसाला जग कसं कळतं, याचा विचार करायची गरजच उरली नाही.

ही भरपाईची कल्पना आपल्या व्यवहारातही आहे. डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला हरकत घेतली. दिव्यत्व बहाल केलं की उतरता रस्ता आणि ब्रेलमधलं पुस्तक देण्याची निकड कमी होते, ही त्यामागची भीती मला रास्त वाटते.

माझ्या आईची मावशी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. लहानपणीच देवीत तिचे डोळे गेले होते. बैल हरवला, मुलीचं स्थळ आलं, विहिरीला पाणी लागेल का, काहीही असो, लोक तिच्या ओसरीवर येत. आंधळी आहे, म्हणजे हिला आतून कळत असणार! ती कंटाळून म्हणायची, “मले काय मालूम, बापू? तूच सांग, बैल सुटला तवा गयात घंटी होती का? कोन्या अंगाले वाजली?” माणूस आठवून सांगू लागे आणि बऱ्याचदा सांगता सांगता त्याचं त्यालाच उमगे. श्रेय मात्र तिच्या ‘दृष्टी’ला मिळे. तिचं ऐकणं आणि विचारणं कुणी मोजलंच नाही.

अडचण आपल्या शब्दांतच आहे. भविष्य जाणणाऱ्याला आपण ‘द्रष्टा’ म्हणतो, म्हणजे पाहणारा. अंध विद्वानाचा गौरव करताना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतो. तिथेही चक्षू आलेच. पण याच भाषेने वेदांना ‘श्रुती’ म्हटलं आणि ज्ञानी माणसाला ‘बहुश्रुत’, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकलं आहे असा. महाभारतात तर या दोन वाटा समोरासमोर येतात. युद्धाआधी व्यास धृतराष्ट्राला दृष्टी देऊ करतात. तो नाकारतो, आप्तांचा संहार बघायचा नाही, ऐकेन म्हणतो. दिव्य दृष्टी मिळते ती डोळस संजयाला. इथे भरपाईचा सौदा मोडला आहे. आंधळा राजा आंधळाच राहतो आणि सारं युद्ध कानांनी जाणतो. त्याचा दोष न दिसण्यात नाही. विदुराने वेळोवेळी सांगितलेलं ऐकूनही तो वागला नाही, यात आहे.

ऐकण्याचं दुसरं टोक आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात सापडतं. संत गुलाबराव महाराजांचा जन्म १८८१चा, म्हणजे डेस्टिनीच्या बरोबर शंभर वर्षं आधीचा. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. १९१५मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते निवर्तले. तेवढ्यात त्यांच्या नावावर सव्वाशेहून अधिक रचना जमा झाल्या. वेदान्तापासून डार्विन-स्पेन्सरच्या मतांच्या परीक्षणापर्यंत त्यांचा पल्ला होता. भक्त याला दैवी देणगी मानतात. मला त्यात वाचून दाखवणारे आवाज आणि उतरवून घेणारे हातही जाणवतात. सहाशे वर्षांपूर्वीच्या ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवून घेत त्यांनी आपल्यासाठी एक नातं रचलं. त्या भक्तीची बरोबरी चित्रकथेच्या हौसेशी करायची नाही. पण आवडत्या विश्वात स्वतःची जागा निर्माण करणं हे आपल्याकडे परकं नाही, एवढं त्यातून कळतं.

यावरून मी माझ्या आयरीनसाठी नियम ठरवले. तिच्या प्रकरणांत ‘दिसलं’ हे क्रियापद येणार नाही. मुखवटा गेला. ती हिंगणघाटजवळच्या गावात राहते, कापूस बोटांत चुरडून त्यातली ओल सांगते, गाडीच्या चाकावरून भार ओळखते. तिच्या तेरा वह्या तिने सांगितलेल्या आणि दुसरीने लिहिलेल्या आहेत. ही दुसरी कोण? मूळ कथेत डेस्टिनीची जन्माची सोबतीण मिस्टिक आहे, हवं ते रूप घेऊ शकणारी. माझ्याकडे ती बहुरूप्याची मुलगी झाली. सोंग कोणतंही असो, आयरीन तिला पावलावरून ओळखते. रोज चेहरा बदलणारीला चेहऱ्याशी कर्तव्य नसलेली सोबत मिळावी, ही मूळ कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट. आयरीन खरोखर अंध असेल तरच तिला अर्थ येतो.

राहिलं भविष्य. विदर्भात त्याचा बाजार मोठा आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून पाऊस-पिकाचा अंदाज सांगतात. तो ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं आणि ते स्वाभाविक आहे. कोरडवाहू कपाशीत दुबार पेरणी म्हणजे दुप्पट कर्ज. डेस्टिनीकडे मात्र ‘हो’ नसतो, फक्त शक्यता असते. मूळ चित्रकथेतला हा तपशील वर्ध्यात आला की त्याला वजन येतं.

तेराव्या वहीत जून महिना आहे. एक सरी पडून गेली आहे आणि एक तरुण विचारतो आहे, “आजी, पेरू का?” ती आधी ढेकूळ हातात घेते, फोडते. ओल कुठवर गेली, वारा कधी फिरला, उसने किती घेतले, एकेक विचारत जाते. मग म्हणते, “धा साली असा पाऊस आला, तर सात साली टिकला. तीन साली दगा देल्ला. अर्धं पेर, अर्धं बी घरात ठेव.” तो चिडून निघून जातो. बहुरूप्याची मुलगी विचारते, वहीत काय लिहू? आयरीन सांगते, “सात लिही, अन् तीनबी लिही.”