उलटसुलट सारख्या संख्या

डहाणू म्हटले की चिकूच्या वाड्या डोळ्यांपुढे येतात. परंतु अंकांचा ध्यास घेतलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली याच गावी जन्मले. देवळाली येथे शाळेत शिकवीत असता त्यांनी संख्यांचे अनेक चमत्कार उजेडात आणले. त्यांतील एका प्रकारास त्यांनी डेमलो या रेल्वे-स्थानकावरून ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, संख्या तीच! अशा संख्येस पॅलिंड्रोम म्हणतात.

आता प्रश्न असा की, हा गुण संख्येचा की तिच्या लेखनाचा? आपण दहादहांचे गट करतो, म्हणून आपला पाया दहा. जुनी माणसे ‘तीन विसा’ म्हणत; संगणक दोनदोनांचे गट करतो.

संगणकास या तपासणीची आज्ञावली देणे अवघड नाही. संख्येस पायाने भागावे. ‘उलट’ नावाच्या घरात आरंभी शून्य ठेवून, दर खेपेस त्या घरातील आकड्यास पायाने गुणावे व भागाकाराची बाकी त्यात मिळवावी. भागाकार शून्य होईपर्यंत हेच करावे. शेवटी ‘उलट’ मूळ संख्येइतकी आली, तर ती पॅलिंड्रोम. १२१ ला ७ ने भागत गेल्यास बाक्या २, ३, २ येतात. आणि घरात अनुक्रमे २, १७, १२१. म्हणजे सात पायावरही १२१ पॅलिंड्रोमच! आठ पायावर ती १७१, तीनवर केवळ पाच एक: १११११. दोनवर मात्र ११११००१. तेथे तपासणी फसते. तेव्हा हा गुण लेखनाचाच ठरला.

तथापि ‘एक-दोन-एक’ ही मांडणी पाहा. बारा पायावर ती म्हणजे एक ग्रोस, दोन डझन व एक, अर्थात १६९. आणि १६९ हा १३ चा वर्ग! ११ ला ११ ने गुणताना हातचा येत नाही, म्हणून तीन व त्यापुढील प्रत्येक पायावर ही मांडणी वर्गच दाखविते. दशमानात दहा एकांच्या संख्येचा वर्ग करताना मात्र मध्यभागी हातचा येतो, आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे होऊन डौल मोडतो.

यंत्र हजार पाये क्षणात तपासील. परंतु ‘सर्व’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार हातच्याचे कारण ओळखणाऱ्या बुद्धीसच आहे.