न दिलेल्या परीक्षेचे गुण

२०२१ साली बारावी झालेली आपल्याकडची मुलं आता नोकरीचे अर्ज भरतायत. कोणी एमपीपीएससीच्या तयारीत आहे, कोणी पुण्या-बंगळुरूला पोचलंय. जवळजवळ प्रत्येक अर्जात एक रकाना असतो: बारावीचे टक्के. त्या रकान्यात ही मुलं जो आकडा लिहितात, तो त्यांनी परीक्षेला बसून मिळवलेला नाही. तो आम्ही शिक्षकांनी काढला. मी ग्वाल्हेरच्या एका सीबीएसई शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि त्या वर्षी शाळेच्या निकाल समितीत होते. आकडा कसा निघाला हे बऱ्याच घरांत अजून नीट ठाऊक नाही. शिवाय तो प्रश्न वेगळ्या रूपात परत येऊ घातलाय, म्हणून हे लिहिते आहे.

एप्रिल २०२१ आठवा. शहरात ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी पळापळ चालली होती. सीबीएसईची परीक्षा ४ मेपासून होती. १४ एप्रिलला दहावीची रद्द झाली, बारावीची पुढे ढकलली, आणि १ जूनला तीही रद्द झाली. दुसऱ्याच दिवशी मध्य प्रदेश बोर्डानेही बारावीची परीक्षा रद्द केली. मुलांच्या जिवाचा विचार करता दुसरा मार्ग नव्हता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न होता तो पुढचा. परीक्षा नाही, तर गुण कुठून आणायचे?

उत्तर प्रत्येक बोर्डाने आपापलं दिलं. आपल्या घरांतून चुलत-मावस भावंडं तीन बोर्डांत विखुरलेली असतात, त्यामुळे फरक पटकन कळेल. समजा, एका आजीची तीन नातवंडं एकाच वर्षी बारावीला आहेत. एक लष्करात एमपी बोर्डाच्या शाळेत, दुसरं मुरारला सीबीएसईत, तिसरं पुण्यात महाराष्ट्र बोर्डात. पहिल्याचे बारावीचे गुण निघाले ते दहावीतल्या सर्वोत्तम पाच विषयांवरून. म्हणजे दोन वर्षांपूर्वी, पंधरा-सोळाव्या वर्षी दिलेल्या परीक्षेवरून. अकरावी-बारावीत त्याने काय केलं, याचा त्यात प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दोघांसाठी सूत्र होतं ३०, ३० आणि ४० टक्क्यांचं: दहावीचे ३०, अकरावीचे ३०, आणि बारावीच्या वर्षातल्या चाचण्या, सहामाही, प्री-बोर्ड मिळून ४०.

ऐकायला हे ठीक वाटतं, पण बारकावे पाहा. सीबीएसईत दहावीचे ३० टक्के घेताना मुख्य पाच विषयांपैकी ज्या तिनांत सर्वांत जास्त गुण, त्यांची सरासरी धरायची होती. त्यामुळे रसायनशास्त्राच्या लेखी गुणांत कित्येक मुलांच्या दहावीच्या हिंदीचा आणि सामाजिक शास्त्राचा वाटा होता. अकरावीचं तर विचारूच नका. आपल्याकडे अकरावी हे दम खायचं वर्ष समजतात. फूलबाग आणि पडावच्या भागात कोचिंगला जाणारी मुलं अकरावीत शाळेचं तोंडही फारसं पाहत नाहीत, ‘डमी’ प्रवेश घेतलेली तर मुळीच नाही. ज्या परीक्षेला कोणी किंमत दिली नव्हती, तिला एकाएकी बोर्डाच्या ३० टक्क्यांची किंमत आली.

आणि याच्यावर एक कुलूप होतं, ज्याच्याबद्दल पालकांशी बोलताना मला दर वेळी नव्याने समजवावं लागायचं. प्रत्येक शाळेने आधीच्या तीन वर्षांपैकी आपला सर्वांत चांगला निकाल लागलेलं वर्ष घ्यायचं. त्या वर्षीची विषयाची सरासरी समजा ७० पैकी ४८ असेल, तर २०२१ची सरासरी ४३ ते ५३च्या मधेच बसली पाहिजे. सगळ्या विषयांची मिळून एकत्र सरासरी तर त्या वर्षीपेक्षा २ गुणांहून जास्त वर जाता कामा नये. हेतू स्वच्छ होता. शाळांनी खिरापत वाटू नये, इतकंच. पण परिणाम असा की मुलाच्या गुणांची वरची मर्यादा त्याच्या एक ते तीन वर्षं आधी शिकून गेलेल्या मुलांनी ठरवली. ज्या शाळेचा पूर्वीचा निकाल बेताचा, तिथे त्या वर्षी एखादी हुशार तुकडी आली असेल तरी तिला तितकं वर येता आलं नाही. ग्वाल्हेरात किल्ल्यावरच्या आणि नावाजलेल्या शाळांच्या मुलांना हे कुलूप फारसं जाणवलं नसेल. गल्लीतल्या नवीन शाळांना ते चांगलंच जाणवलं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. शिंदे की छावणीकडे राहणारी, वडिलांचं छोटंसं दुकान. दहावीच्या तीन विषयांची सरासरी ६६ टक्के, अकरावीत रसायनशास्त्रात ३९, प्री-बोर्डात ५८. प्री-बोर्ड जानेवारीत झाली. त्यानंतर मात्र ती अशी पेटली की काय सांगू. सेंद्रिय रसायन तिला फेब्रुवारीत कळायला लागलं, तसं काही मुलांना एकदमच कळतं. शिकवणाऱ्याला तो क्षण लगेच दिसतो. मार्चअखेर मी दिलेले सरावाचे पेपर ती ७० पैकी ५५च्या आसपास सोडवत होती, आणि ते मी स्वतः तपासत होते. सूत्राने तिला दिले ३८. हिशेबात कुठेही चूक नव्हती. फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांसाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

आमच्या बोर्ड परीक्षांचा खरा प्राण हे शेवटचे तीन महिने असतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. मध्यमवर्गीय घरातला, ज्याला कोचिंग परवडतं, असा मुलगा वर्षभर एका चालीने चालू शकतो. ज्याला घरचं दुकान सांभाळून अभ्यास करायचा आहे, तो शेवटी धावतो. परीक्षा गेली ती त्याच्या धावण्याची जागा घेऊन गेली.

असमाधानी मुलांसाठी ऑगस्टमध्ये परीक्षा ठेवली होती, हे खरं. पण अट अशी की त्या परीक्षेत जे गुण पडतील तेच अंतिम, मग ते कमी का असेनात. जून-जुलै माझ्या त्या विद्यार्थिनीच्या घरी आजारपणातच गेले होते. आहे तेही हातचं जाईल या भीतीने ती बसली नाही. ७ जानेवारी २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि दोन्हींतले चांगले गुण ठेवण्याची मुभा दिली. ज्यांनी धोका पत्करून परीक्षा दिली होती, त्यांना त्याचा उपयोग झाला. जे भीतीने थांबले, त्यांच्या हाती काही आलं नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. त्याच वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील एप्रिलच्या शेवटी गेले. आई रुग्णालयात, धाकटी बहीण आजोळी. ४ मेला परीक्षा झाली असती तर तो काय लिहिणार होता? त्याला सूत्राने जे गुण दिले, ते त्याच्या दोन वर्षांच्या कामाला शोभणारे होते. म्हणून जेव्हा कोणी सरसकट म्हणतं की ती सगळी फुकटची मार्कशीट होती, तेव्हा मला राग येतो.

फुकटची म्हणणाऱ्यांकडे आकडे आहेत, ते नाकारता येत नाहीत. एमपी बोर्डाचा बारावीचा निकाल २०२०मध्ये ६८.८१ टक्के होता, २०२१मध्ये १०० टक्के, आणि २०२२मध्ये पुन्हा ७२.७२. महाराष्ट्रात बारावीचा ९०.६६ वरून ९९.६३ झाला. सीबीएसई बारावीत ९५ टक्क्यांच्या वर २०२०मध्ये ३८,६८६ मुलं होती, २०२१मध्ये ७०,००४. दिल्ली विद्यापीठाच्या पहिल्या यादीत त्या वर्षी काही अभ्यासक्रमांची कट-ऑफ थेट १०० टक्के लागली. समाजातल्या गुणगौरव समारंभांची तर पंचाईतच झाली असेल; नव्वदीच्या पुढची इतकी मुलं एका वर्षी कोणी पाहिली होती? पण गर्दी वाढली म्हणजे प्रत्येकाला जास्त मिळालं असं होत नाही. त्या गर्दीत ३८वाली मुलगी आणखी मागे गेली.

आता एक नाजूक गोष्ट. आपला ग्वाल्हेरचा मराठी समाज केवढासा. गणपतीत, हळदीकुंकवाला, नाट्यप्रयोगाला तीच घरं भेटतात. त्या जून महिन्यात मला फोन येत होते. “काकू, समितीत तुम्हीच आहात ना? चार-पाच गुणांचं बघा की.” कोणी वाईट हेतूने म्हणत नव्हतं. आपल्या मुलासाठी शब्द टाकायचा, इतकी साधी भावना होती. आणि माझं उत्तरही साधं होतं: तक्त्यात आकडे भरले की गुण आपोआप निघतात, समितीत दोन शिक्षक दुसऱ्या शाळांतले बसतात, माझ्या हाती काही नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी सूत्राचा मला आधार वाटला. “तुमच्या मते या मुलाला किती पडले असते?” असं जर बोर्डाने आम्हाला नुसतं विचारलं असतं, तर ज्याच्या ओळखी जास्त त्याचे गुण जास्त, हे व्हायला आपल्या गावात वेळ लागला नसता.

इंग्लंडमध्ये नेमकं तसं विचारतात. आपल्यापैकी ज्यांची घरं तिथे आहेत, त्यांना हे माहीत असेल. विद्यापीठात अर्ज करताना शिक्षकाने अंदाजलेल्या श्रेणीच तिथे आधी पाहतात, परीक्षा नंतर होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या जिल विनेस यांनी २०१६मध्ये तपासलं, तर फक्त १६ टक्के मुलांच्या बाबतीत शिक्षकांचा अंदाज बरोबर निघाला. ७५ टक्क्यांचा फुगवलेला होता. ज्यांच्याबाबत कमी अंदाज केला गेला, त्यांत गरीब घरची हुशार मुलं जास्त होती. म्हणून २०२०मध्ये तिथल्या सरकारने शिक्षकांचे अंदाज संगणकाच्या सूत्रातून गाळले, शाळेचा इतिहास बघून. १३ ऑगस्टला निकाल लागला, जवळजवळ ४० टक्के श्रेणी शिक्षकांनी दिल्या होत्या त्यापेक्षा खाली आल्या. लहान वर्गांना सूत्र लागू होत नव्हतं, त्यामुळे खासगी शाळांचं फावलं. मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारने सूत्र मागे घेऊन शिक्षकांच्याच श्रेणी मान्य केल्या. आपलं सूत्रही शाळेच्या इतिहासावरच उभं होतं. फरक एवढाच की इकडे ते १७ जून २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आणि नंतर फार आवाज उठला नाही.

परीक्षा म्हणजे न्याय, असंही मी म्हणणार नाही. चंबळच्या पट्ट्यात राहून ते म्हणायला तोंड नाही. भिंड-मुरैनाच्या केंद्रांवरच्या नकलेचे किस्से आपण लहानपणापासून ऐकत आलो. व्यापमचं तर सगळ्या देशाला माहीत आहे. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३४ वैद्यकीय विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्दच ठेवले. तरीसुद्धा, एका ठिकाणी बसून, नाव न दिसणाऱ्या उत्तरपत्रिकेवर, अनोळखी माणसाकडून तपासून घेण्याची जी संधी परीक्षेत असते, ती ज्याची ओळख नाही त्याला फार मोलाची असते.

हा विषय जुना झाला असं समजू नका. एनसीईआरटीच्या ‘परख’ने २०२४मध्ये सुचवलंय की बारावीच्या अंतिम निकालात नववीचे १५ टक्के, दहावीचे २०, अकरावीचे २५ आणि बारावीचे ४० टक्के धरावेत. अजून ही शिफारसच आहे. वर्षभराच्या कामाला किंमत मिळावी हे मलाही पटतं. पण मग ज्या मुलाला पंधराव्या वर्षी अक्कल आली नाही आणि सतराव्या वर्षी आली, त्याचं काय करायचं, हे आधी ठरवा. सीबीएसईने २०२६पासून दहावीला दोन परीक्षा ठेवल्या, दुसरी ऐच्छिक, आणि दोन्हींतले चांगले गुण धरायचे. ही सोय २०२१च्या ऑगस्टमध्ये असती, तर ती मुलगी परीक्षेला बसली असती.

ती आता एका औषधाच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे. बीएस्सी इथेच केलं, चांगल्या गुणांनी. मागे एका अर्जात बारावीला ६० टक्क्यांची अट होती, तिथे ती अडकली, तेव्हा मला फोन केला होता. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आता नववी-दहावीतल्या मुलांच्या आई-बाबांना मात्र सांगते: शाळेतल्या घटक चाचणीची तपासलेली वही घरी मागा, गुण बरोबर लावलेत का ते पाहा, शंका असेल तर तेव्हाच विचारा. अकरावीच्या उत्तरपत्रिका शाळा दाखवते का, हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवा. आमच्या शाळेत २०२१पर्यंत हे कोणीही विचारलं नव्हतं.