एका कोयीमागे एक लाख कोटी

वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने 1981 मध्ये ‘रत्ना’ हा आंबा दिला. आई नीलम, बाप हापूस. वंशावळ एवढीच, पण तिच्यातला हिशेब मांडायला बसलं की डोकं गरगरतं.

आंब्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 20 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र कोयीच्या वाट्याला येतं, दोहोंपैकी कुठलंही. म्हणजे एकट्या नीलमकडून 10,48,576 प्रकारचे वाटे निघू शकतात, हापूसकडूनही तेवढेच. दोन्हींचा गुणाकार 1,09,951 कोटींच्या पुढे जातो. गुणसूत्रं आपसात तुकड्यांची जी अदलाबदल करतात, ती तर यात धरलेलीच नाही.

एकाच जोडप्याची ही सगळी लेकरं लावायची म्हटली तर? 10 मीटरवर एक, हेक्टरी 100 झाडं. जमीन लागेल सुमारे 11 कोटी चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग जिल्हा 5,207 चौरस किलोमीटरांचा. असे 21 हजार सिंधुदुर्ग! पृथ्वीवरच्या एकूण जमिनीचा, सहारा आणि सैबेरिया धरून, जवळजवळ पाऊण हिस्सा. रत्ना त्या अफाट बागेतलं एक झाड.

आणि संशोधकाच्या हाती किती येतात? मोहोराच्या एका तुऱ्यावर हजारापासून सहा हजारांपर्यंत फुलं. त्यातली बरीचशी नर, आणि हजारात एखादंही फळ होऊन काढणीपर्यंत टिकेल याची खात्री नाही. चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, पिशवी बांधायची, आणि त्यातलंही बहुतेक गळून जाताना पाहायचं. जी मोजकी फळं हाती लागतात त्यांच्या कोयी रुजवून पहिल्या आंब्यासाठी पुन्हा काही वर्षं थांबायचं. एवढ्या चिमूटभर रोपांतून दरवर्षी धरणारं, साका न होणारं (म्हणजे गर आतून न बिघडणारं) झाड ओळखून काढलं, या नजरेला माझा मनापासून नमस्कार आहे. आज रत्नाचं कलम कुठेही लावा, ते त्याच एका कोयीचं झाड असतं. हापूसही असाच एका कोयीतून आला असणार. त्याचे आईबाप मात्र कोणी लिहून ठेवले नाहीत.

रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये ‘सिंधू’ आला: बाठा अगदी पातळ, रक्तात सरासरी पाऊण हापूस, पाव नीलम.

याच केंद्रातल्या काजूची आईकडची वंशावळ तर अगदी घरचीच. वेंगुर्ला-7 ची आई वेंगुर्ला-3, आणि तिचे आईबाप अणसूर-1 व वेतोरे-56. दोन्ही नावं वेंगुर्ले तालुक्यातल्या गावांची. अणसूरच्या झाडांतून 1974 मध्ये निवडलेल्या वेंगुर्ला-1 ची बी सहा ग्रॅमच्या थोडी वर भरते, 1997 च्या वेंगुर्ला-7 ची दहा ग्रॅम. एका किलोला आधी 160 च्या आसपास बिया लागायच्या, आता 100 पुरतात.